कोरड्या काठीचं कौतुक

मी एक जुनी गळाची काठी आहे, मित्रांनो. आल्प्स डोंगरांतल्या सेसिया नदीकाठी एका म्हाताऱ्या कारागिराने मला वेतातून घडवलं. माझी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. तिच्या टोकाला कोंबड्याच्या पिसांच्या खोट्या माश्या. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी ओसरलं, की माझी मालकीण देल्फिना मला घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायची. ट्राउट मासा माशीवर झेपावला, की माझं सारं अंग थरारायचं.

एका उन्हाळ्यात वरच्या डोहाचं पाणी दुधाळ झालं आणि मासे पोटं वर करून तरंगू लागले. मासे आयते हाती यावेत म्हणून कुणीतरी पाण्यात चुना कालवला होता. गावात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघू लागला. शेवटी सगळ्यांचे डोळे ओरेस्तेवर खिळले. तो सपाटीवरून आलेला रंगारी. घरांना चुना द्यायचा, म्हणून त्याच्याकडे चुन्याची पोती. देल्फिनानेही त्याच्याशी बोलणं टाकलं.

जत्रेच्या दिवशी तिचा धाकटा भाऊ एर्मेते मला मागून घेऊन गेला. सर्वांत मोठा ट्राउट आणणाऱ्याला जत्रेत मान मिळे. सकाळभर मी गिरणीच्या भिंतीला टेकून उभी होते. पाणी मला दिसलंसुद्धा नाही. दुपारी तो हातभर लांब मासा घेऊन आला, मला उचललं आणि घरी निघाला. वाटेत लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

"ताई, तुझ्या काठीची कमाल बघ!"

देल्फिना नेहमीप्रमाणे मला पुसायला बसली. तिची बोटं दोरीवर थबकली. माश्यांची पिसंही फुललेलीच होती.

"एवढा मासा काढलास, आणि दोरी कोरडी?"

"उन्हात वाळली असेल गं."

"घोड्याचा केस इतक्यात वाळत नाही, एर्मेते." तिने माशाचे कल्ले उचलून पाहिले. आत पांढरी भुकटी चिकटली होती.

एर्मेतेचा चेहरा उतरला. "घरातलं घरात राहू दे ना, ताई. तो रंगारी कोण लागतो आपला?"

चौकात नदीचा रखवालदार ओरेस्तेला गाव सोडायला सांगत होता. देल्फिना मला आणि तो मासा घेऊन तिथे गेली. ती रखवालदाराला म्हणाली, "याची पोती तपासलीत ना? आता माझ्या भावाचं कोठार तपासा."

कोठारात चुना सापडला. ओरेस्ते गावातच राहिला, पण देल्फिनाच्या घरी काम करताना तिच्या हातचं पाणी त्याने घेतलं नाही. भावाने तिचा उंबरा सोडला. मी कित्येक उन्हाळे खुंटीवर धूळ खात पडले.

परवा तिने मला पुन्हा डोहावर नेलं. बऱ्याच वेळाने बोटभर ट्राउट लागला. तिने ओल्या हाताने तो सोडवून पाण्यात सोडला. मान वर केली, तर पलीकडच्या काठावर एर्मेते उभा. तिने आधी त्याचे हात बघितले, चुन्याने पांढरे तर नाहीत ना. मग चेहरा.

मित्रांनो, मला तेल लावलं नाही तरी चालेल. नदीला मात्र जपा. आणि आपल्या माणसाचे हात बघावे लागतील, अशी वेळ कुणावर आणू नका.