फौजदाराची मिशी

मी एक जुनी मिशी आहे, आणि तीसुद्धा खोटी. हसा मित्रांनो, खुशाल हसा. खऱ्या मिश्या न्हाव्याच्या दुकानात केरात जातात. मी मात्र उभा जन्म कॅमेऱ्यासमोर काढला आहे.

बरबँक गावात, सिनेमाच्या स्टुडिओच्या मागच्या गल्लीत इडा कोवाच नावाची बाई टोप आणि दाढीमिश्या विणायची. जाळीच्या तुकड्यावर आकडीने एकेक केस गाठवून तिने मला घडवलं. त्यातले थोडे केस माणसाचे आहेत आणि थोडे याकचे. नाक मुरडू नका. याकमुळेच माझ्यात तो रुबाब आला, असं इडा सगळ्यांना सांगायची.

ज्याच्यासाठी मी जन्मले तो मर्ल टिडवेल तेव्हा तरुण होता. ओक्लाहोमाहून आलेला, लांबट चेहऱ्याचा, पुढे आलेल्या कानांचा. तू नायक व्हायचा नाहीस, हे त्याला कुणीतरी तोंडावर सांगून टाकलं होतं. पण टीव्हीवरच्या घोडेस्वारांच्या एका मालिकेत गावचा फौजदार हवा होता. इडाने डिंक लावून मला त्याच्या ओठावर दाबून बसवलं. मर्लने आरशात पाहिलं आणि त्याचा आवाज आपोआप खाली उतरला.

"घोड्यावरून उतर, पोरा," तो आरशाला म्हणाला, "आणि हात दिसू देत."

काम मिळालं! मालिका वर्षानुवर्षं चालली आणि ते वाक्य तो जवळजवळ दर भागात म्हणत राहिला. शेवटच्या दिवशी इडाने मला पत्र्याच्या डबीत घालून त्याच्या स्वाधीन केलं.

मग आम्ही दोघं काय काय झालो म्हणून सांगू! डॉक्टर झालो, स्टेशनमास्तर झालो, गुत्त्याचे मालक झालो. सिनेमा रंगात येण्याआधीच कुणीतरी आम्हाला गोळी घालायचं. मर्ल इतका छान मरायचा, की लगेच दुसरं कुणीतरी मारायला बोलवायचं. चेहरा घरोघरी ओळखीचा झाला, नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा भाजीच्या दुकानात एक बाई त्याला निरखून म्हणाली, "तुम्ही आमच्या टल्साच्या हार्डवेअरच्या दुकानातले ना?"

"हो तर," मर्ल गंभीरपणे म्हणाला. "खिळे कसे निघाले?"

त्याची बायको वेनिटा घरी पोचेपर्यंत हसत होती.

त्याचं वय होत गेलं तसा मलाही पांढरा रंग लागला. तोही अपमान मी गिळला. माझी पक्की समजूत होती की हा माणूस माझ्या जिवावर उभा आहे. मी नसते तर याला कोण विचारणार होतं? हा माझा गर्व पुढे कसा उतरला तेच मला सांगायचं आहे.

मर्लला न्यायाधीशाचं काम आलं. एकच प्रसंग होता, पण त्यात एका तरुण आरोपीला सुनवायचा भलामोठा निकाल होता. इतकी वाक्यं एका दमात त्याला आजवर कुणी दिली नव्हती. वेनिटाने स्वयंपाकघरात बसून त्याच्याकडून ती घोटून घेतली. "दिग्दर्शिका म्हणाली, मिशी चालेल," हे सांगताना मर्ल लहान मुलासारखा खूश होता.

चित्रीकरणाच्या दिवशी सगळे तयार झाले. मर्ल काळा झगा घालून उंच खुर्चीवर बसला. "सर्व पुरावा तपासल्यावर हे न्यायालय अशा निष्कर्षाला आलं आहे की," तो म्हणाला आणि थांबला. मग त्याचा आवाज खाली उतरला. "घोड्यावरून उतर, पोरा."

सगळे खदखदा हसले. मर्लही हसला. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच झालं, तेव्हा थोडेच हसले. तिसऱ्या वेळी कुणीच हसलं नाही.

दिग्दर्शिका डेव्हिना मर्लच्या नातीच्या वयाची होती, पण चांगल्या मनाची. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मर्ल, आधी जेवून घ्या. मग बघू." तिच्या मागे कुणीतरी फोनवर दुसऱ्या नटाची चौकशी करत होतं. ते मर्लने ऐकलं आणि मीही ऐकलं.

नटांसाठी बाहेर उभ्या केलेल्या गाडीतल्या छोट्या खोलीत वेनिटा वाट पाहत होती. सूप प्यायचं म्हणून मर्लने मला सोलून रुमालावर ठेवलं.

"व्हर्जिलचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. व्हर्जिल म्हणजे त्याचा थोरला भाऊ. शेवटी शेवटी तो आपल्या मुलांनाही ओळखत नव्हता.

"व्हर्जिलला कालचं जेवण आठवत नव्हतं," वेनिटा म्हणाली. "तू काल काय खाल्लंस?"

"तू करपवलेला खिम्याचा मीटलोफ."

"करपला नव्हता, खरपूस झाला होता. पण असो, डोकं जागेवर आहे तुझं. म्हण बघू निकाल."

मर्लने निकाल म्हटला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग त्याने घाईघाईने डिंक लावला, मला चिकटवलं आणि पुन्हा सुरुवात केली. पहिल्याच वाक्याच्या अर्ध्यावर येताच घोडा आला, पोरगा आला, फौजदार आला.

वेनिटाने सूपचा चमचा खाली ठेवला. तिने मर्लकडे नाही, माझ्याकडे रोखून पाहिलं. "अगं बाई! म्हणजे तू विसरत नाहीयेस. ही बया बोलतेय!"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी त्याला आधार देते आहे असं समजत होते. आणि त्याच्या तोंडातले शब्द पळवत होते मीच!

"काढ ती," वेनिटा म्हणाली.

"नको गं. घाबरलो की माझा ओठ थरथरतो. सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे. एका पोराला तुरुंगात पाठवतोयस तू. न्यायाधीशाचा ओठ थरथरणार नाही तर काय शीळ घालणार?"

मर्लने सूपची वाटी बाजूला सारली. मग त्याने माझी एक कड धरली आणि मला ओढून काढलं.

वेनिटा मला मुठीत घेऊन कॅमेऱ्यामागे उभी राहिली. मूठ घामाने ओली झाली होती. बोटांच्या फटीतून मला मर्ल दिसत होता. त्याचा उघडा ओठ मी पहिल्यांदाच लांबून पाहिला. तो खरंच थरथरत होता. आता याचं काय होणार, या भीतीने माझा केस न् केस ताठ झाला.

"सर्व पुरावा तपासल्यावर," मर्लने सुरुवात केली. वाक्याच्या मधल्या त्या जागेवर आला तेव्हा वेनिटाने श्वास रोखला. मर्ल तिथे थांबला, समोरच्या मुलाकडे त्याने पाहिलं आणि पुढचं वाक्य उच्चारलं. त्याचंच वाक्य! मग त्यापुढचं, मग त्यापुढचं. आवाज फौजदाराचा नव्हता. तो मर्लचा, म्हाताऱ्या माणसाचा, जड झालेला आवाज होता. निकाल संपला तरी कुणी हललं नाही.

"हाच," डेव्हिना डोळे पुसत म्हणाली. "दुसरा टेक घ्यायची गरज नाही."

काय सांगू मित्रांनो किती हायसं वाटलं ते! दिवे धरणारे, तारा ओढणारे, सगळे टाळ्या वाजवू लागले. वेनिटा तर भान विसरून दोन्ही हातांनी टाळ्या पिटू लागली, आणि मी मधेच! माझी जाळी फाटली, केस चुरगळले. पण त्या टाळ्यांतली एकही मला नकोशी झाली नाही.

त्यानंतर मर्लला उघड्या ओठाने बरीच कामं मिळाली. तीनचार सिनेमांत तर तो शेवटपर्यंत जिवंत राहिला! मी डबीत आहे. वेनिटा अधूनमधून झाकण उघडून मऊ ब्रशने माझी धूळ झटकते आणि "काय गं बये, बरी आहेस ना?" म्हणून विचारते.

मी बरी आहे. तुम्हीही जुन्या वस्तू टाकून देऊ नका मित्रांनो, त्यांना जपा. पण एखादी वस्तू तुमच्याऐवजी बोलायला लागली, तर ती कितीही लाडकी असो, सोलून काढा. थोडा वेळ ओठाची आग होते, इतकंच.