झाडाखालचा फटका

पक्षाघातानंतर वॉटी गेडिसच्या डाव्या हातात जोर राहिला नाही आणि डोळ्यांना डावीकडचं जग दिसेनासं झालं. ताटातली डावीकडची बटाट्याची फोड तशीच राहायची. त्याची बायको इशबेल ताट फिरवून द्यायची.

त्याच वर्षी स्ट्रुअन पेट्रीने गोल्फच्या जोडीच्या स्पर्धेसाठी दुसरा भिडू घेतला. एकतीस वर्षं दोघं एकत्र खेळले होते. वॉटीला ते कळलं क्लबच्या फळ्यावरची नावं वाचून.

"बरोबरच आहे त्याचं," तो इशबेलला म्हणाला. "लुळ्या माणसाला घेऊन कोण खेळेल?"

पण खेळ त्याने सोडला नाही. पूर्ण फटका जमत नव्हता, म्हणून अर्धा घोटला. चेंडू उजव्या पायाशी ठेवायचा, हात पुढे झुकवायचे, काठी कमरेपर्यंतच न्यायची आणि मारल्यावर तिथेच थांबवायची. चेंडू गुडघाभर उंचीवरून सणसणत जायचा आणि मग लांबवर पळत राहायचा. समुद्रावरून वारा सुटला की इतरांचे उंच चेंडू भरकटायचे, याचा मात्र वाऱ्याच्या खालून निघून जायचा. हिवाळाभर त्याने तेवढंच केलं. काठ्यांची पिशवी इशबेल वाहायची. खेळ तिला येत नव्हता, पण चेंडूवर नजर ठेवायची तिला सवय झाली होती.

सप्टेंबरात साठीच्या पुढच्यांच्या स्पर्धेत वॉटी चक्क अंतिम सामन्यात पोचला. समोर स्ट्रुअन.

"अरे, तू खेळतोस की गवत कापतोस?" पहिल्याच फटक्याला स्ट्रुअन हसला. बघायला आलेले सात-आठजण हसले. वॉटीही हसला. इशबेलला त्याचं ते हसणं सहन झालं नाही.

अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलपर्यंत दोघं बरोबरीत होते. तिथे वॉटीचा चेंडू पाइनच्या झाडांत गेला. फांद्या छातीपर्यंत लोंबत होत्या आणि चेंडूला डावीकडून एक वाळकी काटकी टेकली होती. इशबेलने त्याला ती दाखवली. वॉटी गुडघ्यावर बसला, चाचपून काटकी धरली आणि जपून उचलली. चेंडू जागचा हलला नाही. इशबेल त्यावर वाकूनच उभी होती. दहा पावलांवरून स्ट्रुअन बघत होता.

मग वॉटीने तो फटका मारला. चेंडू फांद्यांखालून निसटला, उंचवट्यावर आपटला, दोनदा उसळला आणि धावत धावत हिरवळीवर झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. क्लबच्या सेक्रेटरी मिसेस लोगन यांनी तोंडावर हात ठेवला. टाळ्या पडल्या. स्ट्रुअनचे दोन फटके जास्त झाले. वॉटीने चेंडू होलमध्ये टाकला आणि टोपी काढली.

"थांब वॉटी," स्ट्रुअन हळू आवाजात म्हणाला. "मला सांगायला जड जातंय. काटकी उचललीस तेव्हा चेंडू हलला. तू तो परत जागेवर ठेवला नाहीस. नियमाने हे होल माझं, म्हणजे सामनाही."



"खोटं आहे!" इशबेल म्हणाली. "मी वरच उभी होते. तसूभरही हलला नाही."

"कुठल्या बाजूला हलला?" वॉटीने विचारलं.

"डावीकडे," स्ट्रुअन म्हणाला.

वॉटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मग मला दिसणार कसा?"

"अरे, पण मला दिसत होतं ना!" इशबेल म्हणाली.

"तू गप्प बस!" सगळ्यांसमोर तो तिच्यावर ओरडला. "तुला काय कळतं यातलं? एकतीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोललेला नाही. मला लबाड ठरवायला निघालीस?" मग स्ट्रुअनपुढे हात करून म्हणाला, "माफ कर. बरं झालं सांगितलंस."

मिसेस लोगन यांनी स्ट्रुअनचं नाव लिहून घेतलं.

गाडीपाशी इशबेल पिशवी डिकीत ठेवत होती, तेव्हा स्ट्रुअन मदतीला आला. वॉटी आत बसला होता, काच बंद होती.

"का केलंस असं?" तिने विचारलं.

"त्या सगळ्यांसमोर अर्ध्या माणसाकडून हरू?" स्ट्रुअनने पिशवी आत सरकवली. "जा, सांग त्याला. बघ ऐकतो का."

तिने गावाबाहेर पडल्यावर सांगितलं, शब्द न् शब्द. 

"तुला लाज नाही वाटत?" वॉटी म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून मित्रावर चिखल उडवतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर त्याने तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. त्याला स्वतःला ओळ धरून लिहिता येत नव्हतं. क्लबला पत्र लिहायचं होतं, राजीनाम्याचं. डोळे अधू असताना आपण खेळायला नको होतं, पेट्री यांनी खिलाडूपणे चूक दाखवली, वगैरे. ती लिहीत गेली.

"आणि पुढे लिही," तो म्हणाला, "माझ्या पत्नीने पेट्री यांच्यावर जो खोटा आरोप केला, त्याबद्दल आम्ही दोघं त्यांची माफी मागतो."

इशबेलचा हात थांबला.

"वॉटी, चेंडू हलला नव्हता रे."

"लिही."

तिने लिहिलं.

"वाचून दाखव."

तिने वाचून दाखवलं. 'खोटा' हा शब्द गाळून वाचला, तर त्याने तो बरोबर पकडला आणि तिला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.