ताईचा हात

"ताई, हात फिरवून सांगा. तुम्ही हो म्हणालात की मालकांचं हो, असं इथे सगळेच सांगतात," मशीन विकायला आलेला मशीनवाला म्हणाला आणि नव्या मशीनने नुकतीच घासलेली टेबलाची फळी त्याने तिच्यापुढे सरकवली.

ते खरंच होतं. मालक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि भावाने तिला कारखान्यात लाकूड घासायला लावलं. तिनेही ते काम जीव ओतून केलं. ताईचा हात फिरल्याशिवाय फळी पॉलिशला जायची नाही, हा तिथला कायदाच होऊन बसला. डोळे मिटून ती तळवा फिरवायची आणि कुणाला न दिसलेला ओरखडा नेमका पकडायची. "आमच्या ताईच्या बोटांना डोळे आहेत," असं भाऊ गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. घरात तिला मान होता तो या बोटांमुळे. नाहीतर माहेरी परतलेल्या बहिणीला कोण विचारतं!

पण त्या बोटांना आता काही कळत नव्हतं. जुनी मशीन इतकी थरथरायची की धरणाऱ्याचे दात वाजावेत. आधी हाताला मुंग्या यायच्या, मग थंडीत बोटं पांढरी पडू लागली. हल्ली तर चहाचा कप गरम आहे की गार, तेही तिला तोंडाला लावल्यावरच समजायचं. मग तिने एक युक्ती काढली होती. आजूबाजूला कुणी नसलं की ती वाकून फळीला हळूच गाल लावायची. गाल अजून शाबूत होता.

आज मात्र सगळेच जमले होते. भाऊ होता, पॉलिशवाला होता, डबा घेऊन आलेली भावजयही मशीन बघायला थांबली होती. यांच्यासमोर गाल लावला असता तर बिंगच फुटलं असतं. ताईने डोळे मिटून तळवा फिरवला. फळीच्या जागी गोणपाट असतं तरी तिला तेवढंच कळलं असतं.

"छान आहे," ती भावाला म्हणाली. "घे खुशाल."

भाऊ खूश झाला. "चढव रे रंग, लगेच बघू!"

पॉलिशवाल्याने रंगाचा हात मारला आणि फळीभर ओरखड्यांची वेटोळी उमटली. कोऱ्या लाकडावर ती दडून राहतात, रंग चढला की चव्हाट्यावर येतात.

मशीनवाल्याने जीभ चावली. "माझंच चुकलं. मशीनला जाडा काचकागदच राहिला वाटतं." त्याने कागद बदलून दुसरी फळी घासली, आणि ती खरोखरच सुरेख निघाली. पण भाऊ मशीनकडे बघतच नव्हता.

"ताई, एवढं तुला हाताला लागलं नाही?"

भावाने काचकागदाचा तुकडा उचलला. "डोळे मीट. हात दे." तळव्यावर त्याने तो कागद घासला. "कुठली बाजू आहे?"

"गुळगुळीत," ताई म्हणाली.

पॉलिशवाल्याने मान खाली घातली.

"मग सांगायचंस ना! लपवलंस कशाला?"

"सांगितलं होतं. बोटं पांढरी पडतात म्हणाले, तर तू म्हणालास, गरम पाण्यात बुडव."

"अगं, मला वाटलं थंडीने झालं असेल."

भाऊ वाईट माणूस नव्हता. त्याला ताईचा हात हवा होता, हाताचं दुखणं नको होतं, एवढंच. "जाऊ दे," तो मायेने म्हणाला. "खूप केलंस. आता घरी बस, आराम कर." ताईला वाटलं, एक सणसणीत थोबाडीत द्यावी. आपल्या हाताला ती जाणवणारही नाही, हेही तिच्या मनात आलं.

"मग फळ्या कोण तपासणार?" पॉलिशवाल्याने विचारलं.

भावाने इकडेतिकडे पाहिलं. बायकोवर नजर थांबली. "ही बघेल. ताई, शिकव हिला."

भावजयीने बिचकत फळीला बोटं लावली.

"बोटं नाही, तळवा टेकव. दाबू नकोस. डोळे मीट." ताईने तिचं मनगट धरून हात लाकडाच्या रेषेवरून सरकवत नेला.

"वन्सं, इथे काहीतरी लागतंय. खरखरीत. खरं ना?"

"असेल. मला आता विचारू नकोस."

तेवढ्यात भाऊ नवी मशीन सुरू करूनच घेऊन आला. "धर, बघ. आता घासायचंही तुलाच. थरथर म्हणून नाही हिला. लोण्यातून सुरी फिरावी तशी चालते."

भावजयीने हात पुढे केला आणि ताईकडे पाहिलं. "खरंच थरथरत नाही, वन्सं?"

"जुनी आणली तेव्हाही तो हेच म्हणाला होता."

भावजयीचा हात थबकला. पण नवरा मशीन पुढे धरून उभा होता, म्हणून तिने ती घेतली.