अकराव्या गाण्याची चौथी ओळ

कुंतीनं घडी सोडली तशी कागदाची लांबलचक पट्टी पडवीच्या पायऱ्या उतरून थेट कोंबड्यांपर्यंत गेली. तुलसीराम आजानं काठीनं तिचं टोक दाबून धरलं.

"एवढं सगळं माजं?"

"सगळं तुझंच, आजा. फक्त वाचता येत नाही."

आजा वाकला. वरची काही गाणी जरा तरी सरळ होती. त्याखाली नुसती गर्दी. एकामागोमाग तीन ठ, कुठं अक्षराविना लोंबणारी वेलांटी, मग एखादी ओळ अगदी शहाण्यासारखी, आणि लगेच पुन्हा गर्दी. आजानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. गर्दी तशीच.

"वही असती तर..." तो म्हणाला आणि थांबला.

दाराच्या उंबऱ्यावर हिरा आजी ब्रेदची पालेभाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"माज्याकडं बघू नको. ही पोर बोलली, सगळं मशीनमधी गेलं. मग जुनी वही घरात ठेवून करायचं काय?"

त्यांच्या घरची रीतच तशी. देवाचं काही नव्यानं उतरवलं की जुना कागद रद्दीत टाकत नसत, गणपतीबरोबर नदीत सोडत. सप्टेंबरात मूर्ती पाण्यात गेली तेव्हा आजीनं वही लाल फडक्यात बांधून तिच्या मागोमाग सोडली होती. आता गणपतीपुढं नाचत म्हणायच्या झाकरीची ती बावीस गाणी जगात दोनच ठिकाणी उरली होती. एक आजाच्या डोक्यात, आणि दुसरं

*

बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या कचेरीत, एका चपट्या फ्लॉपीवर. कुंती तिथं संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. कामाची वेळ संपली की अर्धा तास आजाची वही उघडून बसायची. देवनागरी तिला लहानपणी बैठकेत, गावच्या संध्याकाळच्या शाळेत, शिकवली होती, पण ती अडखळतच वाचायची. अर्थाकडं न बघता एकेक अक्षर तक्त्यात शोधायचं, त्याचं बटण दाबायचं, पुढचं अक्षर. असे सात महिने.

तक्ता इंद्रदेवचा. तो शेजारच्या टेबलावर बसायचा. मशीनला फ्रेंच आणि इंग्रजी तेवढं ठाऊक, एका अक्षराला एक आकडा. देवनागरी त्यात मावेना, म्हणून इंद्रदेवनं प्रत्येक खुणेला दोन आकडे दिले, मोकळ्या जागेलासुद्धा. दोन मिळून एक. त्यातला पहिला कुठला आणि दुसरा कुठला, हे आकड्याकडं बघून कळत नसे. सुरुवातीपासून जोड्या लावत आलं तरच कळे.

हे कुंतीला ठाऊक होतं. तरी छापायच्या आदल्या दिवशी, ओळी कागदात मावाव्यात म्हणून, तिनं रोजच्या सवयीनं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. एकोणऐंशी आकडे झाले की ओळ तोड. एकोणऐंशी. विषम. एकाआड एक ओळीच्या टोकाला अक्षर मधोमध चिरलं गेलं. एक अर्धं वर राहिलं, दुसरं खालच्या ओळीत जाऊन परक्याच अर्ध्याला चिकटलं.

इथवर दुरुस्त होण्यासारखं होतं. पण पडदा बघताच तिनं घाईनं दुसरा प्रोग्रॅम लिहिला. ओळीच्या टोकाला एकटं अर्धं दिसलं तर काढून टाक. ओळी परत जोडून, वेगळ्या मापानं तोडून, तो तिनं तीनदा चालवला. दर वेळी त्याच फ्लॉपीवर. कुठं काय गळालं याचा पत्ता राहिला नाही.

"दुसरी प्रत कुठंय?" इंद्रदेवनं विचारलं.

कुंतीनं तीच एक फ्लॉपी पुढं केली.

"आयो," तो म्हणाला. मग पडद्यावरचे आकडे तपासू लागला. "निम्म्याहून जास्त आकडे अजून जागेवर आहेत. कुणी खरी ओळ सांगितली तर त्यावर बसवून बघता येईल. गाणं ज्याचं आहे त्याला विचार."

म्हणून रविवारी बो बासेंच्या घरून बस बदलत

*

ती आजाच्या गावी, सें पिएरला आली होती, पेन्सिल आणि आकड्यांचे कागद घेऊन. पहिली दहा गाणी तिनं स्वतःच कशीबशी जुळवली होती. वेळ वाचवायचा होता, म्हणून जिथं गर्दी सुरू होत होती तिथंच बोट ठेवलं.

"आजा, इथून सांग. अकरावं गाणं, चौथी ओळ."

"गाण्याला नंबर कवा लागला गो?"

"'गौरी निघाली माहेराला.' त्याच्या पुढं."

"हां, ती होय!" आजा खुशीत आला. "वाटंत लागला ऊस."

कुंतीनं अक्षरं मोजली, तक्त्यातले आकडे मांडले, शिल्लक आकड्यांवर ठेवून बघितले. एक घर मागं, एक घर पुढं. बसेना.

"नक्की ऊस?"

"मग नदी. वाटंत लागली नदी."

नदीही बसेना.

"बांबू आसंल." आजाचा आवाज उतरला होता. "नाय. बांबू दुसऱ्या गाण्यात. थांब जरा."

तो थांबला. ओठ हलत होते. कोंबडी कागदावर चढली तरी त्यानं हाकलली नाही.

कुंतीनं कागदाच्या कडेला लिहिलं:

ऊस बसत नाही.
नदी बसत नाही.
माझं मोजणं चुकतंय, नाहीतर आजाचं गाणं चुकतंय, नाहीतर

पुढं काय लिहावं ते तिला सुचेना. तिनं खालची ओळ विचारली. आजानं सांगितली ती पहिल्याच गाण्यातली निघाली. आणखी खालची विचारली. त्यावर तो तिच्याकडं असा बघत राहिला की जणू ती दुसऱ्याच कुणाशी बोलत होती.

"मो पा कोने," तो म्हणाला. ठाऊक नाही. देवाच्या गाण्याची गोष्ट आजा बाजारात बोलायच्या क्रेओलमध्ये कधी करत नसे.

मग हळूच, आजीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं:

"कुंते, माजं गेलं काय गो सगळं?"

कुंतीनं पेन्सिल खाली ठेवली. पुढच्या गणपतीला नवी सोळा पोरं झाकरी धरणार होती. त्यांच्यासाठी तर हा कागद. कागद तिनं घालवला होता, आणि आता तिला वाटू लागलं की विचारून विचारून आजाच्या डोक्यातलंही तीच

*

"उभा राहून बघ की," आजी उंबऱ्यावरून म्हणाली. "बसून कदी झाकरी झालीय?"

आजा उठला. काठी कुंतीकडं दिली. अंगणात जाऊन पाय जुळवले आणि नमनापासून सुरू केलं. पहिलं गाणं झरझर आलं, दुसरं, तिसरं. दोन पावलं पुढं, एक मागं, टाळी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गळा तापत गेला. कुंती कागदावरून बोट फिरवत राहिली. एक अक्षर इकडचं तिकडं होत नव्हतं. नववं, दहावं. तिचा श्वास मोकळा झाला. अकरावं.

"गौरी निघाली माहेराला..."

आजाचा पाय वर गेला आणि वरच राहिला.

"गौरी निघाली माहेराला..." पुन्हा तेच. पाय अजून हवेतच.

"वाटंत भेटली सासू," उंबऱ्यावरून आवाज आला, "सासूच्या हाती दिवा."

आजी देठं मोडत होती. चाल अचूक, आवाज अगदी साधा, कामात असताना कुणी नाव सांगावं तसा.

कुंतीनं आकडे मांडले. एक घर मागं. बसले. ओळीच्या मधलं अर्धं, शेवटचं अर्धं, सगळं बसलं. फक्त "सा"चं एक अर्धं गळालं होतं.

"आजी," तिनं पट्टी पुढं ओढली, "सोळाव्यात, मधेच, 'दारी उभा पाहुणा' आहे. त्याच्या पुढं?"

"त्याला पाट देऊ का पाणी."

"एकविसाव्याची शेवटची?"

आजीनं तीही सांगितली. कुठूनही विचारा, तिथून. भाजी निवडायचा हात थांबला नव्हता.

आजानं पाय खाली ठेवला होता की नाही, याचं त्यालाच भान नसावं.

"तुला ही कुनी शिकवली?"

"कोन शिकवनार? पन्नास वर्सं तू ह्याच अंगनात नाचतोस. चूल काय दुसऱ्या गावात होती?"

"मग वही सोडलीस तवा काय बोलली नाहीस!"

"मला काय ठाऊक," आजी म्हणाली, "तुमाला वही लागते म्हनून."

कुंतीला हसू आलं, पण आजाचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. झाकरीत एकजण पुढं म्हणतो आणि बाकीचे मागून उचलतात. या गावात आजाच्या पुढं कुणी म्हटलेलं कुणाला आठवत नव्हतं. बाईनं तर नाहीच. तो अंगणाच्या मधोमध उभा होता आणि घरात जावं की फाटकाबाहेर, हे त्याला ठरवता येत नसावं. हात धोतराशी चाळा करत होते.

आजीनं भाजीची टोपली बाजूला सरकवली.

"वाटंत भेटली सासू," ती या खेपेला जरा मोठ्यानं म्हणाली, आणि थांबली.

कोंबड्या कागद टोचत होत्या. कुंती पेन्सिल धरून बसली होती. आजीनं पुढची ओळ घेतली नाही. ती आजाकडं बघत होती, आणि वाट बघायला तिला दिवसभर वेळ होता.

आजानं खाकरून गळा साफ केला. मग दोन पावलं मागं, पोरं जिथं उभी राहत तिथं, जाऊन उभा राहिला, आणि तिची ओळ मागून म्हटली.