मुंग्यांची पंगत

“शेटजी, आजपासनं माळावर जायचं काम न्हाई. मुंग्या आता हितंच जेवायला आल्यात,” सोपान म्हणाला, आणि माझ्या सासऱ्यांच्या, दलीचंदशेठांच्या हातातला तराजू तसाच लोंबत राहिला.

प्लेग ओसरल्यानंतरची गोष्ट. पेठ गावात रस्त्याला लागून आमचं गुळाचं दुकान होतं. आमच्या जैन घराचा नेम असा, की रोज सकाळी माळावरच्या वारुळाशी मुंग्यांना पीठसाखर घालायची. ते काम सोपानकडे. अवसरीच्या साळुबाईचा हा थोरला. त्याला कामाला लावताना ती म्हणाली होती, “पोराचं डोकं लई चालतं शेटजी, तेवढंच वाईट हाय.” त्याच कारणानं त्याच्या आधीच्या दोन नोकऱ्या सुटल्या होत्या.

मी नवी सून. दाराआडून पाहत होते. रोजची पायपीट वाचावी म्हणून सोपाननं साखर दररोज थोडी अलीकडे, थोडी अलीकडे करत आमच्या मागच्या दारापर्यंत आणली होती. मुंग्या आल्या, दारात जेवल्या आणि आत गुळाच्या ढेपा पाहून तिथंच वस्तीला राहिल्या. मंचरच्या बाजारी जायचा पिवळा गूळ काळा दिसू लागला.

शेजारचे सावळेराम धावत आले. “शेटजी, कढत पाणी वता!”

सासऱ्यांनी दोन्ही कान झाकले.

“मग राख टाका,” सासूबाई म्हणाल्या.

“राखेत त्यांचा जीव गुदमरंल.”

“मग त्या सोपानाला तरी काढा!”

“त्यालाबी जीव हाय,” सासरे म्हणाले. मग आवाज उतरवून, “बाकीचे गडी सांगितलं तेवढंच करत्यात. हा एकटा आपल्या डोक्यानं काय करायला जातो. आज खेकसलो, तर उद्यापासनं हाबी नुसती मान डोलवील.”

एव्हाना सोपाननं गूळ पाहिला होता. त्यानं खुंटीवरचं धोतर काखेत मारलं. “जातो शेटजी. आईला सांगतो, हितलंबी सुटलं.”

“बस खाली. आधी सांग, त्यांना एवढ्या लांब आणलंस कसं?”

सोपाननं भीत भीत सांगितलं. सासरे मन लावून ऐकत होते.

“मी जन्मभर पीठ घालतोय, माझ्यामागं एक आली न्हाई,” ते म्हणाले. सोपानची मान जरा वर झाली. “पण असं बघ, दुपारी हितं गाड्या येतील, हमाल येतील. आपण जेवायला बोलावलेली पावणी त्यांच्या पायाखाली आली तर?”

सोपाननं डोकं खाजवलं. “चुकलंच की. आपुन जायचं सोडून त्यास्नी बोलावलं.”

“मग आता?”

“आणल्या तशा न्हेतो!”

जीव न दुखावता झाडायची लोकरीची मऊ पुंजणी सासऱ्यांनी स्वतः त्याच्या हाती दिली. ढेपांवरच्या मुंग्या गुळाच्या खड्यांवर उतरवून, ओणवा होऊन, तो खडे पुढं पुढं सरकवत निघाला. रस्त्यात भागूची बैलगाडी आली.

“थांबा राव! आमच्या शेटजींची पावणी माघारी चालल्यात!”

“कुठं हायत पावणी?”

“खाली बघा की!”

भागूनं वाकून पाहिलं, बैलांचे कासरे ओढले, आणि पावणी पार होईपर्यंत डोक्यावरचं मुंडासं काढून बसला. मागं आणखी गाड्या तुंबल्या, गाडीवानांनी भागूच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्या आठवड्याचा बाजार बुडाला तो बुडालाच. सासूबाई महिनाभर फुणफुणत होत्या. सोपान मात्र आमच्याकडेच म्हातारा झाला.

पुढं पुष्कळ वर्षांनी सासरे गेले. दुकान बंद, घर माणसांनी भरलेलं. दिवस कलायला आला, तेव्हा माझ्या एकदम ध्यानात आलं, आज मुंग्यांना काही घातलेलं नाही. माळावर कुणाला धाडावं म्हणून मागच्या दारी आले, तर समोरून सोपान येताना दिसला. धोतराचा सोगा बाजरीच्या पिठानं माखलेला.

“पंगत झाली, वैनीबाई,” तो म्हणाला आणि हात झटकून ओट्याखाली बसला.

आमच्या घरी त्या दिवशी जातं फिरलंच नव्हतं.