दोन मीटरवरचा माणूस

खोआतकाकांना यातून मिळणार तरी काय, हे गणित थोआला आठ दिवस सुटत नव्हतं. पाण्याचे मीटर वाचून रिटायर झालेला माणूस. रोज सकाळी सातला तिच्या गाडीसमोरच्या भिंतीला टेकतो, मुठीत मावेल एवढा कॅमेरा छातीशी धरतो, मधूनच रस्त्यात पुढे सरकून वहीत काहीतरी टिपतो आणि तासाभरानं निघून जातो. खेकड्याच्या रश्शातल्या शेवया घेत नाही, चहासुद्धा नाही. काही लाभ नसताना तासभर उभा राहणारा माणूस तिनं अख्ख्या हायफाँगमध्ये पाहिला नव्हता.

"ताई, फिरायला आलेला माणूस मोठा कॅमेरा गळ्यात मिरवतो," शेजारच्या सलूनचा लुआन्ह रस्सा भुरकत म्हणाला. "एवढासा लपवून कोण धरतं? वॉर्ड ऑफिसचाच माणूस असणार."

थोआची नजर स्टुलांकडे गेली. तिची गाडी आणि अकरा स्टुलं वॉर्डानं फुटपाथवर आखलेल्या पांढऱ्या रेघेच्या चांगलीच बाहेर होती. गाडी उचलली की तिचं घरच बसलं.

नवव्या दिवशी ती पळी हातात घेऊनच रस्ता ओलांडून गेली.

"काका, वही दाखवा."

काका कानापर्यंत लाल झाले. वही मात्र त्यांनी निमूट पुढे केली. 'सात-दहा. उजेड डावीकडून. तीन मीटर. बाई हलली. सात-वीस. अडीच मीटर. स्टूल मध्ये.'

"अंतरं कशाला मोजता?"

"कॅमेऱ्याचा फोकस दोन मीटरवर पक्का करून ठेवलाय. लांब राहिलो की फोटो पुसट येतो. मुलगा म्हणतो, मोठी लेन्स घेऊन देतो, लांबून काढा. म्हटलं, मशीन बदलून पाय थोडेच धीट होणार? चाळीस वर्षं काटे वाचले, बाई. माणसाच्या तोंडाकडे बघायची सवयच नाही. रोज थोडं जवळ यायला बघतो."

"आणि स्टुलाचं काय?"

"ते मध्ये येतं हो."

"थापा बऱ्या जमतात तुम्हाला!" म्हणत ती परतली. वेळ, अंतर, स्टूल. वॉर्डाचा माणूस याहून वेगळं काय लिहील?

दोनच दिवसांनी वॉर्डाचा ट्रक आला. स्टुलं चढली, छत्री चढली. थोआ चाक धरून फतकल मारून बसली म्हणून गाडी तेवढी राहिली. तिनं मान वर केली, तर समोर, अगदी समोर, खोआतकाका. कॅमेरा छातीशी. टक् असा आवाज झाला.

"बघ! वर पुरावापण घेतोय!" लुआन्ह ओरडला.

थोआनं उठून कॅमेरा हिसकावला आणि उकळत्या रश्शात टाकला. काकांनी पळी मागून घेतली, कॅमेरा बाहेर काढला आणि तो रुमालात गुंडाळून ते निघून गेले.

आठवड्यानं ती स्टुलं सोडवायला वॉर्ड ऑफिसात गेली. कारकुनानं फाईल उघडली. तक्रारीला पाच फोटो टाचलेले होते, सगळे एकाच जागेवरून, काचेआडून काढलेले. काचेवरची अक्षरं उलटी दिसत होती : केस, दाढी, कान साफ करणे. 'स्टुलांमुळे गिऱ्हाईक दुकानापर्यंत येत नाही,' असा अर्ज होता. सही वस्तऱ्यानं कोरावी तशी रेखीव.

दुसऱ्या दिवशी तिनं रेघेच्या आत चारच स्टुलं मांडली. खोआतकाका रिकाम्या हातांनी आले. तिनं माफीची वाक्यं रात्रभर जुळवली होती, पण काकाच आधी बोलले.

"त्या दिवशी पातेलंभर रस्सा माझ्या कॅमेऱ्यानं नासला," ते म्हणाले. "किती झाले?"

"काका, कॅमेरा तर मीच..."

"आतलं कार्ड तेवढं शाबूत राहिलं." त्यांनी एक फोटो गाडीवर ठेवला. चाक धरून बसलेली थोआ. पापणी न् पापणी मोजता येत होती, आणि डोळ्यांतला संशयही. "एवढाच नीट आलाय."

फोटोशेजारी त्यांनी नोटा ठेवल्या. थोआ नको नको म्हणत राहिली, पण तिनं पैसे घेतल्याशिवाय काका हलेनात. शेवटी तिनं घेतले.

रश्शाचे पैसे काकांनी भरले, कॅमेराही त्यांचाच गेला. दंड थोआनं भरला. आणि लुआन्हचं सलून आता थेट चौकापासून स्वच्छ दिसत होतं.