बुवांच्या सायकलला धक्का

कीर्तनात विनायकबुवांचा दम तुटू लागला, तेव्हा वैद्य म्हणाले, "चरबी झडायला हवी. रोज सायकल चालवा, पण तोंडाने गाता येईल इतक्याच बेताने."

नवघरहून बुवा निघाले, की त्यांचा भक्त नाथा पाटील रोज मागून सायकल ढकलायचा.

"हात काढ, नाथा!"

"बुवांना कष्ट? आमी मेलो न्हाय अजून! बसा निवांत."

आज बुवा लालबुंद होऊन खाली उतरले. "तुला पुण्य हवंय, आणि माझं कीर्तन बंद पडतंय! माझा घाम मलाच गाळू दे, मूर्खा!"

रागारागातच त्यांनी पायडल मारून अभंग धरला. मिठागराच्या बांधापाशी बुवांचा दम तुटला. मागून धावणाऱ्या नाथाने हात पाठीशी बांधूनच पुढचा चरण म्हटला.